वजा दोनशे ब्याऐंशी फूट

"ह्या यलोस्टोनची लेव्हल काय गं?" अण्णांनी विचारलं.

मी कांदा चिरत होते. "कसली लेव्हल, अण्णा?"

"समुद्रसपाटीपासून किती फूट? जयंतानं नुसतं लिहिलंय, तीन दिवस यलोस्टोन. बरं. पण पुढं चढायचंय का उतरायचंय? काही पत्ता नाही. ह्याला काय प्लॅन म्हणायचं?"

चष्मा कपाळावर, हातात जयंतचा छापील कागद, आणि चेहऱ्यावर असा वैताग की जणू मीच तो लिहिला होता.

जयंत माझा नवरा आणि अण्णा माझे सासरे. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं कालव्यांची मोजणी करून कऱ्हाडला निवृत्त झालेले. ह्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. अण्णा आणि आई एप्रिलमध्ये आमच्याकडे, सॉल्ट लेक सिटीला आले होते आणि ऑगस्ट उजाडला होता. जयंतच्या डोक्यात खूळ होतं की मोटरहोम भाड्यानं घ्यायची, म्हणजे चूल, पलंग, संडास-बाथरूम सगळं पोटात घेऊन चालणारी गाडी, आणि सप्टेंबरच्या शेवटी दोन आठवडे डोंगरातली आणि वाळवंटातली नॅशनल पार्कं बघत हिंडायचं.

त्यामागं अजून एक गोष्ट होती. दोघांनी कायमचं इथंच राहावं म्हणून जयंतनं अर्ज भरून ठेवले होते. सह्या तेवढ्या बाकी होत्या. अण्णा म्हणाले होते, "फिरून आल्यावर बघू." व्हिसा चौदा ऑक्टोबरला संपत होता. त्याच्या आत सह्या नाही झाल्या तर दोघं परत जाणार, आणि एकदा गेली की ह्या वयात पुन्हा येतील ह्याचा भरवसा नव्हता.

आता कुणालाही वाटेल, मुलाची हौस आणि सुनेची पंचाईत. अहो, उलट होतं! आम्हाला मूल झालं नाही. माझे आईवडील केव्हाच गेले. जयंत सकाळी सातला जायचा तो रात्री सातला यायचा, आणि अकरा वर्षं मी त्या घरात एकटी चहा करून एकटी पीत होते. त्यात ही दोघं आली आणि घरात आवाज आला. आई फोडणी देताना स्वतःशीच बोलायच्या, अण्णा पेपर मोठ्यानं वाचायचे. मला ती दोघं हवी होती, काहीही करून हवी होती. पण हे मी कुणाला बोलले नव्हते. सासूसासऱ्यांसमोर उभं राहून 'राहा' म्हणायचं, असं काही मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. ते मुलानं बोलायचं असतं असंच मी धरून चालले होते.

बाकी माझं तोंड कसं आहे ते कोल्हापुरात आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण ह्या दोघांपुढं मी पाच महिने जिभेला गाठ मारून ठेवली होती. अण्णांनी माझ्या वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या, मी गप्प. आईंनी माझं कपाट उलटंपालटं करून लावलं, मी म्हटलं, "छान दिसतंय, आई." मला वाटायचं, कुरबुर नको. माणसं सुखात राहिली की आपोआप थांबतील.

त्या दिवशी लेव्हलवरून मला युक्ती सुचली. मी सार्वजनिक वाचनालयात अर्धा दिवस काम करायचे. तिथं नकाशांचा एक विभागच होता, डोंगर-दऱ्यांच्या उंचीच्या रेषांसकट. म्हटलं, म्हाताऱ्याला ह्या मुलखाचा नाद लावू. ज्या जमिनीची मोजणी केली ती माणसाला आपली वाटते. दुसऱ्याच दिवशी सहा नकाशे घेऊन आले.

अण्णांनी पहिला उलगडला आणि टेबलावर हातानं सपाट केला. मग एका तपकिरी रेषेवरून बोट फिरवत म्हणाले, "कंटूर! अगं, हे तर मला वाचता येतंय की!"

"इंग्रजी तर तुम्हाला येतंच, अण्णा."

"इंग्रजी नाही गं. जमीन वाचता येतेय."

त्यांनी आलेखाचे कागद मागवले. मग आईंकडून मूठभर मऊ भात घेऊन त्याच्या खळीनं एकाला एक चिकटवले. सेलोटेप दिली तर म्हणाले, ती पिवळी पडते. कालवा काढायच्या आधी जमिनीचा उभा छेद काढतात म्हणे. आडवं अंतर, उभी उंची, आणि मधे एक लांबच लांब रेघ. त्यावरून कळतं की पाणी कुठं सरळ जाईल आणि कुठं अडेल. तसाच छेद ते आमच्या सहलीचा काढणार होते. मी नकाशावरचा आकडा वाचायचे, ते टिंब द्यायचे.

"यलोस्टोनचं तळं?"

"सात हजार सातशे."

"टीटनचं?"

"सहा हजार आठशे."

"बघ! हे खाली. मग जयंतानं हे आधी का घेतलंय? डोकं हाय का ह्याला?"

जयंतचा क्रम त्यांनी मोडीतच काढला. यलोस्टोन, मग टीटन, मग कॅपिटल रीफ पाच हजार चारशे, मग झायन तीन हजार नऊशे. प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा खाली. मधे घाट लागतात ते लागू देत, म्हणाले, पण झोपायचं रोज थोडं उतरून. पाणी सोडलं असतं तर ज्या क्रमानं गेलं असतं त्या क्रमानं आपण जायचं. मला गंमत वाटायला लागली. खरं सांगते, मी हे त्यांना गुंतवायला सुरू केलं होतं, आणि आठवड्याभरात मीच गुंतले. कामावरून येताना गाडीतच नकाशा उघडून बघायचे की आज कुठला घाट येतोय.

शेवटचं पार्क आलं डेथ व्हॅली.

"म्हणजे काय?" आईंनी विचारलं. त्या शेजारी घेवडा मोडत बसल्या होत्या.

"मृत्यूची दरी."

"जरा बरं नाव सुचलं नाही होय कुणाला?"

"लेव्हल?" अण्णांनी पेन्सिल रोखली.

मी बघितलं. परत बघितलं. "वजा दोनशे ब्याऐंशी."

"वजा? जमीन कशी वजा असेल? नीट बघ."

"वजाच आहे, अण्णा. समुद्राच्या खाली."

"पाण्यात आहे का मग?"

"कोरडीठाक. मीठ पसरलंय नुसतं."

अण्णांनी पेन्सिल ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सत्तरी उलटलेला तो माणूस एकदम दहा वर्षांचा दिसायला लागला. "सदतीस वर्षांत शून्याच्या खाली टिंब द्यायची वेळ आली नाही माझ्यावर. मी खाली जागाच सोडली नाही बघ." मग पुन्हा भात, पुन्हा खळ, आणि शून्याच्या रेघेखाली एक नवा कागद. टिंब दिल्यावर ते उठून उभे राहिले आणि लांबून बघत म्हणाले, "इथं उभं राहायचं. आपण जिवंत, कोरडे, आणि समुद्र आपल्या डोक्याच्या वर. काय वाटत असेल गं तिथं?"

"तहान लागत असेल," आई म्हणाल्या.

त्या छेदावर झायन आणि डेथ व्हॅलीच्या मधे त्यांनी लाल पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. अठराशे साठ फूट. "ही कऱ्हाडची लेव्हल," म्हणाले. मला ते फार गोड वाटलं. म्हटलं, चला, गाव इथं आणून ठेवलं ह्यांनी. आता काय, जिंकली वृंदा!

मधल्या एका शनिवारी आम्ही गाडी बघायला गेलो. पंचवीस फुटी धूड. आईंनी आत शिरून सगळी कपाटं उघडून बघितली, शेगडीवर हात ठेवला, आणि शेगडीच्या पाठीलाच टेकलेलं ते चिमुकलं दार उघडून दचकल्या. "अगंबाई! चूल आणि हे एकाच भिंतीला?"

"गाडी आहे, आई. जागा कुठून आणायची?"

"आणि ह्याचं पाणी कुठं जातं?"

"खाली टाकी असते. भरली की दोन-तीन दिवसांनी रिकामी करायची."

"कुणी?"

"जयंत करेल."

आई जयंतकडं बघून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "देव कुठं ठेवायचे? पूर्वेला तोंड करून ठेवले आणि गाडी वळली की?"

"देवपण वळतील," अण्णा म्हणाले. "त्यांनाही बघू दे की चार बाजू."

घरी येताना मी मनातल्या मनात दोघांच्या खोलीला नवीन पडदे लावून टाकले.

मग आला तो रविवार. जयंत संगणकापुढं बसून गाडीचं बुकिंग करत होता. छेद जेवणाच्या टेबलावर पसरला होता, चांगला नऊ फूट लांब, दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता.

"गाडी कधी घेणार, बावीस सप्टेंबर. कुठून घेणार, सॉल्ट लेक. परत कुठं करणार..." जयंत उठला आणि कागदावरून बोट नेत नेत टोकाला गेला. वजा दोनशे ब्याऐंशीला कागद संपत होता. त्यानं खाली वाकून टेबलाखालीही बघितलं आणि मग फिसकन हसला. "अण्णा! परत यायचं राहिलं!"

"आँ?"

"डेथ व्हॅलीपर्यंत उतरलो. तिथून घरी कसं यायचं? परतीचा रस्ताच नाही तुमच्यात!" त्याला हसू आवरेना. "सदतीस वर्षं नुसतं पाणी सोडत बसलात ना! पाणी कुठं परत येतंय?"

मलाही हसू आलं. इतका हिशोबी माणूस, प्रत्येक घाटाची उंची मांडली आणि परतायचं विसरला. कालवेवाल्यालाच जमावी अशी चूक! अण्णाही हसले. "राहिलं खरं," म्हणाले.

आई हसल्या नाहीत. त्या उठून चहाला गेल्या. मला ते दिसलं, पण मी काही मनावर घेतलं नाही.

"वृंदा, उद्या तेवढं पूर्ण करून घे त्यांच्याकडून," जयंत म्हणाला. "मग टाकतो बुकिंग."

सोमवारी दुपारी मी नकाशे घेऊन बसले. अण्णा समोर. आई शेजारच्या खुर्चीत माझ्या स्वेटरला बटण लावत होत्या.

"हं, अण्णा. डेथ व्हॅलीतून बाहेर पडायला घाट आहे. तीन हजारच्या वर चढायचं. घेताय?"

त्यांनी मान हलवली. टिंब दिलं नाही.

"मग लास वेगास. दोन हजार."

ते कागदाकडं बघत राहिले.

"पुढं सीडर सिटी, पाच हजार आठशे. अहो अण्णा, टिंब द्या ना!"

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. कागदावर नाही, बाजूला, टेबलावर.

"लास वेगासला विमानतळ आहे ना मोठा?"

"आहे. का?"

"लेव्हल बघ, दोन हजार. जवळजवळ कऱ्हाडच." त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "तिथनंच सोडा आम्हाला. तिकीट दहा ऑक्टोबरचं हाय, तारीख आणि गाव तेवढं बदलून मिळतं का बघ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही विसरला नव्हता," मी म्हटलं.

"टेल कुठं आहे ते माहीत असल्याशिवाय मी कधी कालवा आखला नाही गं." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "जयंताला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. एकुलता एक पोरगा. म्हटलं, कागदावर आखू. शहाणा आहे, बघेल आणि समजेल. तो हसला."

"पण का? काय कमी पडलं तुम्हाला इथं?"

"काही कमी पडलं नाही," अण्णा म्हणाले आणि आईंकडं बघितलं.

आईंनी दोरा दातानं तोडला. "वृंदा, तू लई केलंस आमचं. खोटं कशाला बोलू? पण तू जयंताशी भांडतेस. त्या केबलवाल्याशी फोनवर तासभर भांडलीस, मी ऐकलं की. आणि आमच्याशी? 'हो आई. चालेल आई. छान आहे आई.' मी तुझा तवा घासणीनं घासून पांढरा केला, काळा लेप सगळा काढून टाकला, तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. आणि तू म्हणालीस, 'असू दे आई.' घरच्या माणसाशी असं कुणी बोलतं का गं? असं पाहुण्याशी बोलतात. पाहुण्यानं आपण होऊन ओळखावं. पोराची हौस आहे आणि तू सोसतेस, एवढं कळतंय आम्हाला. जन्मभर तुझ्या गळ्यात कशाला पडायचं?"

मी उठले. खुर्ची मागं पडली. पाच महिन्यांचं सगळं एकदम वर आलं.

"सोसतेय? मी सोसतेय? अहो, तो तवा मी आठ वर्षं जपला होता! लाकडी उलथन्याशिवाय कशाला हात लावू दिला नाही त्याला, आणि तुम्ही लेप काढून टाकलात! रडले मी बाथरूममध्ये जाऊन! आणि तरी बोलले नाही, का? तर तुम्ही राहावं म्हणून! आणि अण्णा, हे नकाशे मी सहा आठवडे खांद्यावर वाहून आणतेय ते कशासाठी? मला काय करायचंय कुठल्या तळ्याची उंची? तुम्ही रमावं म्हणून! तुम्ही जावं असं मला वाटतंय हे कुणी सांगितलं तुम्हाला? मला विचारलंत? जयंतला बाजूला ठेवा. मला हवे आहात तुम्ही. मला! आणि तुम्ही दोघं मिळून मला वाळवंटात सोडून विमानात बसायचं ठरवताय!"

मी मुसमुसून रडायला लागले. इतक्या मोठ्यानं मी सासऱ्यांसमोर बोलले होते की माझाच मला विश्वास बसेना.

आई माझ्याकडं बघत होत्या. "अगं मग बोलायचं की!"

"कशी बोलणार? सून आहे मी!"

"सून आहेस म्हणूनच बोलायचं! मी माझ्या सासूला रोज बोलायचे!"

"ते खरं आहे," अण्णा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आणि तव्याचं म्हणशील तर तो करपला होता. काळाकुट्ट!"

"काळाच असतो तो, आई! तसाच मिळतो!"

"असा कसा काळा मिळेल? नवीन तवा काळा?"

"हो! नवीन तवा काळा!"

"मग मला कुणी सांगायचं?"

आमचं असं चांगलं दहा मिनिटं चाललं. तव्यावरून कपाटावर आलो, कपाटावरून माझ्या फिक्या चहावर. मधे केव्हातरी मला जाणवलं की मी रडत नाहीये आणि आईंनी माझा हात धरून ठेवलाय. आणि त्या तशाच, हात न सोडता, माझ्या आमटीत मीठ कमी असतं असं सांगत होत्या.

अण्णांनी घसा खाकरला. "झालं का? मग वाच."

"काय?"

"परतीच्या लेव्हली. सीडर सिटी किती म्हणालीस?"

मी नकाशा पुन्हा पुढं ओढला. "पाच हजार आठशे."

त्यांनी टिंब दिलं. मग पेन्सिल माझ्यावर रोखून म्हणाले, "पण एक सांगतो. कऱ्हाड मी सोडणार नाही. तिथं लोक येतात माझ्याकडं, अण्णा, विहिरीपासून शेतापर्यंत पाइपाला उतार बसेल का बघा म्हणून. त्यांना काय उत्तर देऊ? सहा महिने तिथं, सहा महिने इथं."

"आठ महिने इथं."

"सहा."

"सात. आणि नकाशे मी आणणार."

"आधी हे पुरं कर, मग बघू. पुढचा आकडा?"

"मला कुणी विचारणार आहे का?" आई म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, आई."

"मला काय, जिथं बोलायला माणूस आहे तिथं मी राहते. तुम्ही तुमचे महिने मोजा."

संध्याकाळी जयंत आला. बूट काढता काढता त्याची नजर टेबलावर गेली. कागदाला आता पलीकडं तीन फुटांची शेपटी लागली होती, वर वर चढत गेलेली, घरापर्यंत.

"वा! झालं की परतीचं!"

"झालं," अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "हिनं भांडून करून घेतलं."

जयंतचा हात बुटावरच थांबला. त्यानं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "भांडलीस? अण्णांशी? तू?"

"आईंशी पण."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? इतके महिने सांभाळलंस आणि आता शेवटी शेवटी... आता ते कशाला सह्या करतायत?"

मी फ्रिजवरचा लिफाफा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं अर्ज बाहेर काढले. अण्णांची सही इंग्रजीत, फर्राटेदार, खात्यातल्यासारखी, खाली तारीख घालून. आईंची मराठीत, एकेक अक्षर सुटं, पूर्ण नावानं. त्यानं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं, आणि मग ओट्याला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काय बोललीस तू त्यांना?" त्यानं विचारलं.

"तव्याबद्दल बोलले," मी म्हटलं.